चुकणाऱ्या मुलाचे कादंबरीकार : साने गुरुजी

साने गुरुजींचे नाव मराठी माणसाला वाचायला लागण्याआधीच माहीत झालेले असते. पाठ्यपुस्तकात एखादा धडा येतो, शाळेत जयंती साजरी होते, कुणीतरी गहिवरून बोलते आणि ‘श्यामची आई’ आपण वाचले आहे असे मनाशी ठरून जाते. प्रत्यक्षात पहिल्या रात्रीपासून बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत सलग वाचलेले वाचक शोधू गेले तर थोडेच निघतील. या अर्धवट ओळखीतून गुरुजींची एक ठरीव मूर्ती तयार झाली आहे : हळवा, रडवा, मातृभक्त, संत मनाचा लेखक. त्या मूर्तीला हार घालणे सोपे असते आणि तिला नाके मुरडणेही तितकेच सोपे. पुढील पानांत त्यांच्या जीवनाची आणि साहित्याची जी ओळख करून दिली आहे, ती वाचण्यापूर्वी एक वेगळी बाजू वाचकापुढे मांडावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे. माझे म्हणणे असे की गुरुजींचे कादंबरीकार म्हणून मोठेपण आईच्या थोरवीत शोधण्यापेक्षा श्यामच्या चुकांत शोधावे. मुलाला स्वतःच्या वागण्याचा धनी मानणारा, त्याची चूक त्याच्याच तोंडून सांगू देणारा एवढ्या ताकदीचा लेखक मराठी बालवाङ्मयाला त्यांच्याआधी मिळालेला नव्हता.

त्यांच्याआधी मुलांसाठी काही लिहिलेच गेले नव्हते असे मुळीच नाही. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि थोरांची चरित्रे, कविता, शास्त्रविषयक माहिती यांचा रतीब मराठी घरांत वर्षानुवर्षे घातला. वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ 1906 मध्ये निघाले. त्यात मुलांच्या करमणुकीला अधिक जागा मिळाली, भाषाही सैल झाली. या दोघांचे ऋण मोठे आहे. पण या सगळ्या लेखनात मूल बहुधा ऐकणाऱ्याच्या जागी बसलेले असते. शिवाजी, वॉशिंग्टन, ध्रुव किंवा प्रल्हाद त्याच्यापुढे आणून उभे करायचे आणि ‘असा हो’ म्हणून सांगायचे. कोकणातल्या एका कर्जबाजारी घरातला, पाण्याला घाबरणारा, लाजणारा, हट्ट करणारा मुलगाच नायक होऊ शकतो, ही कल्पना त्या परंपरेत बसत नव्हती. यावर कुणी हरिभाऊ आपट्यांच्या यमूचे नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. ‘पण लक्षात कोण घेतो’ मधले यमूचे बालपण तिच्याच तोंडून आलेले आहे आणि ते अस्सल आहे. मात्र ती कादंबरी मोठ्यांसाठी आहे. तिथले बालपण पुढच्या शोकांतिकेची पायरी आहे, आणि यमूवर जे कोसळते ते इतरांनी लादलेले आहे. श्यामच्या गोष्टींत मात्र प्रश्न दर वेळी श्यामच्या दारात येऊन थांबतो : तू काय केलेस?

हा प्रश्न विचारण्याची रीत गुरुजींना कुठून सापडली, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातील पालगडचा. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षण दापोली, औंध, पुणे असे फिरत फिरत, कधी वारावर जेवून, कधी हाताने शिजवून झाले. 1917 मध्ये आई गेली. पुढे ते बी. ए., एम. ए. झाले आणि 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. चरित्रकार बहुतेक वेळा आईच्या संस्कारांवर थांबतात. लेखक घडला तो मात्र अमळनेरच्या छात्रालयात, असे मला वाटते. तिथे ते मुलांच्या खोल्या झाडत, अंथरुणे आवरून ठेवत, आजारी मुलाजवळ रात्र काढत, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तिथे ‘छात्रालय दैनिक’ काढत. हाताने लिहिलेले दैनिक. भल्या पहाटे उठून अंक लिहायचा आणि मुले उठतील तेव्हा तो वाचायला तयार ठेवायचा. मराठीत असा कादंबरीकार दुसरा कोण दाखवता येईल, ज्याने रोजच्या रोज ठरावीक वाचकांसाठी लिहिले आणि त्याच दिवशी त्या वाचकांचे चेहरे पाहिले? कालच्या अंकातले कोणाला लागले, कोण हसले, कोणाला ते उपदेशाचे वाटून त्याने तोंड फिरवले, हे त्यांना जेवणाच्या पंगतीतच कळत असणार. गुरुजींची छोटी वाक्ये, संबोधनांची सवय, एकच गोष्ट तीन अंगांनी सांगण्याची लकब या साऱ्यांचे मूळ त्या हस्तलिखित पानांत आहे. त्यांच्या शैलीला कुणी पाल्हाळिक म्हणते तेव्हा ही शैली छापखान्यासाठी जन्मलेली नव्हती, समोर बसलेल्या पोरांसाठी जन्मलेली होती, हे ध्यानात घ्यावे.

1930 मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारे हात गुरुजींचे. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहेत ती त्यांच्यामुळे. पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या काही दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग लिहून काढला. पुस्तक 1935 मध्ये आले. तुरुंगातले काम उरकून, इतर वेळी लिहिलेले हे पुस्तक आहे. त्याची चौकट मात्र तुरुंगाची नाही, आश्रमाची आहे. मोठा झालेला श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर आश्रमातल्या सोबत्यांना आपल्या लहानपणची एक आठवण सांगतो. म्हणून प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे. ही चौकट वाचक सहसा ओलांडून जातो, कारण आत आईच्या गोष्टीकडे जायची घाई असते. पण सगळी किमया त्या चौकटीत आहे. स्वतःच्या बरोबरीच्या माणसांपुढे, कुणी विचारलेले नसताना, एक प्रौढ माणूस ‘मी तेव्हा भ्यालो’, ‘मी तेव्हा आईला टाकून बोललो’ असे सांगतो आहे. उपदेश करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. श्याम मात्र श्रोत्यांच्या सतरंजीवरच बसलेला आहे. बालवाचकाला ही जागा लगेच कळते, आणि म्हणूनच एरवी उपदेशाला विटलेले मूल या पुस्तकात टिकून राहते.

एक प्रकरण जरा जवळून पाहू. पोहण्याचे. पावसाळ्यात विहिरी तुडुंब भरल्या की कोकणातली पोरे पोहायला शिकतात. श्यामला पाण्याची भीती. एका सकाळी पोहायला न्यायला मुले येणार म्हणून तो माळ्यावर जाऊन दडून बसतो. आई त्याला शोधून काढते, ओढत खाली आणते आणि शिमटीने मारते. हे मारणे लाक्षणिक नाही, चांगले वळ उठतील असे आहे. श्याम रडतो, ओरडतो, शेवटी विहिरीवर जातो, पाण्यात ढकलला जातो आणि भीती मोडते. घरी आल्यावर तो आईशी बोलत नाही. जेवताना आई त्याला दही वाढते आणि मग कळवळून सांगते की आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होणार नव्हते. आता या प्रसंगात गुरुजींनी काय केले आहे ते पाहावे. आईच्या हातची शिमटी त्यांनी लपवली नाही. श्यामचे दडून बसणे गोंडस करून सांगितले नाही. दह्याच्या वाटीने मार धुऊन निघाला, असेही सुचवलेले नाही. मुलाचा राग, आईचा राग आणि दोघांचे वाईट वाटणे अशा तिन्ही गोष्टी एकाच पानावर, एकमेकींना न पुसता राहिल्या आहेत. मुलांना मारावे की नाही हा आजचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘मारू नये’ हेच आहे. पण त्या उत्तरासाठी या प्रसंगाला नाकारायची गरज नाही. ज्याला हातात शिमटी घेणारी आई दाखवण्याचे धाडस झाले, त्याला ‘आईचा भाट’ म्हणणे मात्र जमणार नाही.

‘मुकी फुले’ हे प्रकरण याच्या अगदी उलट्या पोताचे आहे. पूजेची फुले इतरांच्या आधी आपल्याला मिळावीत म्हणून श्याम आदल्या सांजेलाच कळ्या तोडून आणतो. गुन्हा इतका लहान की मोठ्यांच्या कादंबरीत त्याला चार ओळीही मिळाल्या नसत्या. इथे त्याचा पूर्ण न्याय होतो : फुलाने झाडावर उमलायचे होते, ते तू उमलू दिले नाहीस; आणि सगळे तूच घेतलेस तर इतरांचे काय? मुलाच्या जगात हा प्रश्न खरोखरच मोठा असतो. गुरुजी त्याला मोठा समजून वागवतात, यातच त्यांचा मुलांविषयीचा आदर आहे. पहिल्या रात्रीच्या सावित्रीव्रताचेही तसेच. आजारी आईच्या वतीने श्यामला वडाला प्रदक्षिणा घालायच्या आहेत आणि बायकांत जाऊन हे करताना मित्र हसतील ही त्याची धास्ती आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हसे होण्याची भीती मरणाच्या भीतीहून मोठी वाटते, हे ज्याला ठाऊक आहे त्याचेच हे लेखन.

इथे पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप येतो : गुरुजी रडवतात. त्यांच्या पानापानांवर अश्रू आहेत आणि एवढे अश्रू कलेला मानवत नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. विशेषतः त्यांच्या पुढच्या पुस्तकांत पात्रे इतक्या सहज रडतात की वाचक कोरडा राहतो. पण ‘श्यामची आई’त रडते कोण आणि कशासाठी, हे एकदा तपासून पाहावे. दुःखाने रडण्याचे प्रसंग आहेत, ते शेवटाकडे, आईच्या आजारपणात. त्याआधीची बहुतेक आसवे चूक कळल्याची आहेत. ज्याला शिक्षा झाली म्हणून रडू येते तो वेगळा आणि ज्याला आपण केले ते बरे नव्हते हे उमगून रडू येते तो वेगळा. गुरुजी हा फरक मुलांना कळेल अशा रीतीने दाखवतात. भावविवशता म्हणजे कारणापेक्षा भावना जास्त असणे. श्यामच्या रडण्यामागे कारण दर वेळी नेमके, लहान आणि खरे असते. ते प्रमाण जिथे सुटले तिथे गुरुजी दुबळे झाले, आणि जिथे सांभाळले तिथे ते श्रेष्ठ ठरले. त्यांच्या सगळ्या लेखनाला हाच गज लावावा.

रडवेपणाच्या या चर्चेत एक गोष्ट नेहमी झाकली जाते. हे पुस्तक पैशाविषयी आहे. वाटण्यांनंतर खालावलेले घर, चढत जाणारे व्याज, सावकाराच्या माणसाचे हेलपाटे, दागिने जाणे, अखेरीस जप्ती आणि गावात झालेली शोभा : आईच्या मृत्यूपर्यंत नेणारी ही वाट गुरुजींनी पायरी पायरीने दाखवली आहे. एका प्रकरणाचे नावच कर्जाला जिवंतपणीचा नरक म्हणते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोकणी खोताच्या घराचा ऱ्हास इतक्या आतून, मुलाच्या उंचीवरून, क्वचितच कुणी लिहिला असेल. त्याच काळातली इंग्रजी बालकादंबरी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या 1905 च्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मधली सारा गरिबीत पडते, सोसते, आणि शेवटी तिची संपत्ती तिला परत मिळते. सोसण्याचे बक्षीस मिळण्याची ही रीत बालवाङ्मयात सर्वत्र रुळलेली आहे. श्यामला काही म्हणजे काही परत मिळत नाही. घर जाते, आई जाते, आणि शेवटच्या भेटीलाही तो पोचत नाही. चांगले वागलात की चांगले होईल, असे आश्वासन गुरुजींनी मुलांना कधी दिले नाही. चांगले वागायचे ते त्यावाचूनही, एवढेच त्यांनी दाखवले. मुलांच्या पुस्तकासाठी हे फार कठोर आहे, आणि हळव्या म्हणवल्या जाणाऱ्या लेखकाने ते लिहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोसणारी, झिजणारी, नवऱ्यामागे उभी राहणारी आई आदर्श म्हणून मांडल्याने मराठी घरांतल्या बायकांच्या सोसण्याला पुण्याचा मुलामा मिळाला, असे म्हटले जाते. पुस्तकाचा जो वापर झाला त्यापुरते हे खरे आहे. 1953 मध्ये आचार्य अत्र्यांनी केलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला, आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा चेहरा घरोघरी पोचला आणि मातृदिनाच्या भाषणांना कायमचा विषय मिळाला. पुस्तक मात्र या वापराहून निराळे आहे. त्यातली आई चिडते, मारते, सावकाराचा माणूस तोंडाला येईल ते बोलू लागला की त्याला गप्प करते. आणि तिच्या शिकवणीचा मोठा भाग मुलाने बायकांची म्हणून ठरलेली कामे करावीत असा आहे. एका रात्रीचे नाव ‘अर्धनारी नटेश्वर’ आहे. तिथे श्याम आईच्या हाताखाली स्वयंपाकघरात राबतो आणि पुरुषाच्या अंगी कोमलता हवी हा विचार येतो. ‘अळणी भाजी’त वडील मीठ विसरलेली भाजी मुकाट्याने खातात, का तर करणारीला वाईट वाटू नये. 1933 मध्ये मुलग्यांना हे सांगणारे पुस्तक जुन्या वळणाचे ठरवता येत नाही. तरीही एक उणीव उरतेच : या कादंबरीत चुकण्याचा आणि उमगण्याचा अधिकार मुलग्याला आहे, मुलीला नाही. श्यामच्या बरोबरीने चुकणारी, भांडणारी, शिकणारी मुलगी गुरुजींनी या ताकदीने लिहिली नाही. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे ही उणीव काही अंशी भरून काढतात, कारण तिथे एक मुलगी जगाविषयी ऐकण्यास पूर्ण पात्र मानली आहे. पण पत्र म्हणजे कादंबरी नव्हे.

तिसरा आक्षेप जातीचा. हे ब्राह्मण घर, हे सोवळे, ही व्रते आजच्या मुलाला परकी आहेत, आणि कित्येक मुलांना तर ती त्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्या घराची आठवण देतील. इथे ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण महत्त्वाचे. अस्पृश्य समाजातल्या एका म्हाताऱ्या बाईची लाकडाची मोळी पडते, ती डोक्यावर चढवून द्यायला कुणी पुढे येत नाही, आणि आई श्यामला पाठवते. मात्र परत येऊन आंघोळ कर, हेही सांगते. काही जणांना ही आंघोळ खटकते, आणि ती खटकायलाच हवी. गुरुजींना ती गाळता आली असती. 1933 मध्ये, हरिजनसेवेची चळवळ जोरात असताना, गाळली असती तर आई अधिक तेजस्वी दिसली असती. त्यांनी ती ठेवली, कारण त्या घरात, त्या काळी, आईची झेप तिथवरच होती. पुढची झेप मुलाने घेतली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. गांधीजींनाही ते उपोषण आरंभी मान्य नव्हते. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर ते सुटले. कादंबरीत आंघोळ ठेवणारा लेखक आणि मंदिराच्या दारात प्राण पणाला लावणारा माणूस यांच्यात विसंगती नाही. आपल्या माणसांची, आपल्या जातीची, आपल्या घराची चूक आधी उघड मांडायची आणि मग ती स्वतःच्या अंगावर घेऊन फेडायची, ही श्यामचीच रीत आहे.

बाकीच्या साहित्याविषयी स्पष्ट बोललेले बरे. गुरुजींनी फार लिहिले आणि घाईने लिहिले. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’ ही पुढची आत्मकथनपर पुस्तके तपशिलांनी श्रीमंत आहेत, बांधणीने सैल. ‘धडपडणारी मुले’ आज इतिहास म्हणून वाचावी. ‘भारतीय संस्कृती’ हे विचारांचे पुस्तक आहे, मोठ्या मुलांनी अवश्य वाचावे. ‘गोड गोष्टी’ या मालेत त्यांनी जगातल्या कथा मराठी घरात आणल्या. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून त्यांनी ‘मनूबाबा’ लिहिले. सोने गमावलेला एकलकोंडा विणकर आणि त्याच्या दारी आलेले अनाथ मूल ही कथा त्यांच्या हातात इतकी मराठी झाली की तिचे परकेपण आठवतही नाही. 15 ऑगस्ट 1948 रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. 11 जून 1950 रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन स्वतःच संपवले. त्या शेवटावरून त्यांच्या शिकवणुकीचा निकाल लावणारे तेव्हाही होते. ज्याने वाचकाला कधी सुखान्ताचे आमिष दाखवले नाही, त्याच्या दुःखालाही आपण सुबक अर्थ चिकटवू नये.

ही ओळख मारुंजीत लिहिली जात आहे, यालाही अर्थ आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून आहे. जुनी शेतकरी घरे, गगनचुंबी सोसायट्या आणि बांधकामावर आलेल्या मजुरांच्या वस्त्या इथे एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. घराचे हप्ते इथल्या कित्येक घरांत रोजच्या बोलण्यात असतात, आणि मुले ते ऐकत असतात. आईवडिलांच्या पैशाच्या काळजीत वाढणाऱ्या मुलाला श्यामइतका समजूतदार सोबती दुसरा मिळणार नाही. शिवाय इथल्या एकाच लिफ्टमध्ये तेलुगू, बंगाली, हिंदी, मल्याळम बोलणारी मुले चढतात-उतरतात. 1949 च्या पुण्यातील साहित्य संमेलनात गुरुजींनी आंतरभारतीचा विचार मांडला : प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य वाचावे. त्यांनी स्वतः तमिळ शिकून ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणले. त्यांच्या मनातला भारत कुठे तपासायचा असेल तर अशा गावांत तपासावा. शेजारच्या घरातल्या अमराठी मुलालाही हे पुस्तक देता येते, शांता गोखले यांचा इंग्रजी अनुवाद आहे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गुरुजींच्या निधनाला साठ वर्षे पूर्ण झाल्यावर, 2011 पासून, त्यांची पुस्तके स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत. अनेक प्रकाशक ती छापतात आणि स्वस्तात मिळतात, ही आनंदाची बाब. पण संक्षिप्त, ‘मुलांसाठी सोप्या’ आवृत्त्याही बाजारात आहेत. अशा संक्षेपात कात्री लागते ती आधी कर्जाच्या प्रकरणांना आणि आश्रमाच्या चौकटीला. म्हणजे नेमके ज्या भागांसाठी हा लेखक मोठा, तेच जातात. पालकांनी पुस्तक विकत घेताना अनुक्रमणिका उघडून बेचाळीस रात्री आहेत की नाहीत ते पाहावे, आणि नसतील तर ती प्रत दुकानातच ठेवावी.